लेडीबाईच्या शेजारी उभी ती

आई,

मी तुझ्यावर चिडले आहे. तोंडावर सांगायची सोय राहिली नाही, म्हणून लिहायला बसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला आधी तुझं बिड्यांचं सूप डोळ्यांपुढे आणावं लागतं. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं, बाजूला तंबाखूचा डबा, आणि बोटं चालू की तोंडही चालू. इथे ओहायोत, डब्लिन गावात, तुझ्या नातवाच्या घरी स्वयंपाकघर एवढं मोठं आहे की आपलं कामठीचं अख्खं घर त्यात मावलं असतं. पण त्यात कुणी बसून बोलत नाही. सगळे उभ्या उभ्या खातात आणि आपापल्या खोलीत जातात. मी मात्र टेबलापाशी बसते, आणि बसले की तुझी ती लेडीबाई आठवते.

आम्हा पोरांना पाढे नीट येत नव्हते, पण लेडीबाईची सोयरीक पाठ होती. लेडीबाई म्हणजे विलायतेतल्या अर्लसाहेबाची तिसरी लेक. अर्ल म्हणजे कोण, ते तुलाही ठाऊक नव्हतं. तू म्हणायचीस, आपल्याकडच्या राजाहून थोडा लहान आणि मालगुजाराहून पुष्कळ मोठा. थोरला भाऊ गादीचा वारस, मधला आरमारात, धाकटा पाद्री. थोरली बहीण ड्यूकच्या घरात दिली, तिला सासूचा जाच. दुसरी बिनलग्नाची राहिली, ती वडिलांची पत्रं लिहायची. एक आत्या राणीच्या महालात मानाची बाई होती, तिच्या हातून राणी रोज शाल घ्यायची. आणि ही तिसरी, हिने साध्या कप्तानाशी लग्न केलं म्हणून बापाने दोन वर्षं पत्राला उत्तर दिलं नाही. तू हे अशा सुरात सांगायचीस की मला वाटे ही माणसं आपल्या गल्लीच्या पलीकडेच राहतात, आणि ड्यूकच्या घरची ती सासू उद्या पाण्याला येईल तर तिला चांगलं बोलून घ्यावं.

हे सगळं तुला कुठून माहीत, तर तुझ्या आजेसासूकडून. बाबांची आजी, माझी पणजी. कप्तानाची पलटण कामठीच्या छावणीत होती, तिथे ती लेडीबाईच्या बंगल्यावर आया होती. लेडीबाईची दोन मुलं कामठीच्या उन्हाळ्यात गेली. तिसरा जगला, तो पणजीच्या कडेवर. सहा वर्षांचा झाला तसा त्याला रिवाजाप्रमाणे बोटीत बसवून विलायतेला शिकायला धाडलं. मग बंगल्यात दोन बाया उरल्या, आणि दोघींच्याही हाताला काम नाही. लेडीबाई व्हरांड्यात बसायची, पणजीला खाली बसवायची आणि घरच्यांची नावं घ्यायची. कोण कुणाचा, कुणाचं कुणाशी लग्न झालं, आता कोण कुठे असेल. कप्तानासमोर माहेरचं नाव काढायची चोरी, छावणीतल्या मडमांसमोर दुःख दाखवायची लाज. उरली आया. पुढे कप्तान पटकीने गेला, लेडीबाई परत गेली, भावाच्या एवढ्या मोठ्या वाड्यात मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहिली, आणि भावजयीच्या पंगतीत तिची खुर्ची शेवटची. हेही पणजीला एका पत्रातून कळलं होतं म्हणे. ते पत्र तिने पलटणीच्या मुन्शीकडून वाचून घेतलं होतं.

आता हे ऐक. माझी नात, म्हणजे तुझी पणती, कॉलेजात आहे. तिला घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून जुन्या गोष्टी ऐकून रेकॉर्ड करायच्या होत्या. मी तिला लेडीबाई सांगितली, तू सांगायचीस तशीच, थोरल्या भावापासून. ती मराठी समजते, बोलते इंग्लिश. मधेच थांबवून म्हणाली, "आजी, वेट." मग खटखट करत बसली, आणि थोड्या वेळाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सगळे होते. अर्लसाहेब दाढीवाला, थोरला भाऊ, ड्यूकच्या घरची बहीण, राणीची मानाची आत्या. तू सांगितलेली सोयरीक कुणीतरी चौकटी काढून, रेघा ओढून मांडली होती. मला तर गावची माणसं परदेशात भेटावीत तसं झालं. डोळ्यांत पाणी आलं आणि मी नातीला म्हटलं, बघ, माझी आई खोटं बोलत नव्हती.

खाली एक फोटो होता. व्हरांडा, खुर्चीत लेडीबाई, तिच्या गुडघ्याला टेकलेला मुलगा, पायाशी कुत्रा, आणि मुलाच्या मागे पदर कपाळापर्यंत ओढलेली एक बाई. तिचा हात मुलाच्या खांद्यावर. हनुवटी बाबांचीच, आई. मी बोट ठेवून सांगितलं, ही माझी पणजी. नातीने फोटोखालची ओळ वाचली. लेडीबाईचं नाव, मुलाचं नाव, कुत्र्याचं नाव, आणि मग 'आया'.

माझं डोकं फिरलं. कुत्र्याला नाव आहे. मी नातीला म्हटलं, ज्याने कुणी हे लिहिलंय त्याला आत्ताच्या आत्ता कळव. तिने कळवलं. आणि उत्तर आलं ते विलायतेतून नाही, इथल्याच सिनसिनाटीतून. लेडीबाईचा तो मुलगा मोठेपणी अमेरिकेत आला होता. मामाच्या घरी त्याच्या वाट्याला काही नव्हतं. त्याची नात म्हणजे ही बाई, माझ्याच वयाची, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. एका शनिवारी ती स्वतः गाडी चालवत आली. मी पोहे केले, तिने तिखट लागूनही संपवले. मी माझ्या इंग्लिशमध्ये, जे मी टीव्ही आणि लायब्ररीच्या जोरावर मिळवलंय, तिला तिचीच माणसं मोजून दाखवली. ती हसत होती आणि रुमालही शोधत होती. म्हणाली, तिच्या आजोबांना म्हातारपणी ताप आला की ते कुठलीशी अंगाई म्हणायचे, ती घरात कुणालाच कळायची नाही.

तिच्याशी भांडायचं ठरवून बसले होते, आणि ती अशी निघाली. मी तरी कुत्र्याचं काढलंच. ती लाजली. म्हणाली, जुन्या अल्बममध्ये होतं तसं उतरवलं, चुकलं. घराण्याचं पुस्तक छापायला या आठवड्यात जाणार आहे. त्यातही हाच फोटो आहे. मग तिने पेन काढलं, चष्मा चढवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "टेल मी हर नेम."

आई, मला नाव माहीत नाही.

नात माझ्याकडे बघतेय, ती बाई पेन धरून बसलीय. राणीला शाल देणाऱ्या आत्याचं नाव मला येतं. पणजीचं येत नाही. मी चहा टाकायला उठले आणि गॅसपाशी उगीच उभी राहिले.

विचारलं नव्हतं असं नाही. मी सातवीत असेन, माझी शाळा कायमची सुटायच्या बेतात होती. तू बिड्या बांधत होतीस. मी म्हटलं, लेडीबाईचं सगळं सांगतेस, पणजीचं नाव काय होतं गं? तू वरही बघितलं नाहीस. "तुले काय करायचं हाय? मोठ्या माणसाचं नाव घेत नसतात." मी हट्ट धरला तर दोरा ओढून माझ्या बोटावर फटका मारलास, आणि म्हणालीस, आत्याले विचार, तिचं माहेर हाय, तिले घेता येते. आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहायची. मी खेळायला गेले.

आज मला त्या फटक्याचा राग नाही. राग याचा आहे की तू सगळं सोडलंस आणि हे धरून ठेवलंस. दीक्षा घेतलीस तेव्हा मी लहान होते, तरी मला आठवतं: घरातले देव पोत्यात भरून तू स्वतः कन्हान नदीत नेऊन सोडलेस. सासू रडत होती, तरी मागे फिरली नाहीस. उपास सोडलेस, नवस सोडले, अंगारे सोडले. आम्हाला सांगायचीस, जे अक्कलेला पटत नाही ते करायचं नाही. मग हे कुठल्या अक्कलेला पटलं होतं गं? ज्या बाईने उन्हातान्हात दुसऱ्याचं पोर वाढवलं, जिच्या पगारावर आपलं पहिलं कौलारू घर उभं राहिलं, तिचं नाव घेतलं असतं तर कुणाचा अपमान झाला असता? मी हे तुला इतक्या वेळा मनात विचारलंय की आता भाजी चिरतानाही विचारते, आणि सून म्हणते, आई, कुणाशी बोलताय?

कामठीला चुलतदादाला फोन केला. आत्या तर गेली; तिची मुलं कुठे पांगली, कुणाला ठाऊक नाही. दादा आधी मनसोक्त हसला. "आता आठवली काय पणजी? अमेरिकेत काही काम नाही वाटते तुले." मग गंभीर झाला. म्हणाला, सारे आयाबाईच म्हणत. बाबाही आयाबाई म्हणत, गल्ली आयाबाई म्हणे, तिचा सख्खा पोरगाही तिले आयाबाईच म्हणे. एवढ्यात वहिनीने मागून फोन ओढला. तिने सांगितलं, जुन्या बाया तर नावासारखा असणारा साधा शब्दही टाळायच्या, सासूच्या नावात फूल असलं तर त्या फुलाला दुसरंच काही म्हणायच्या. तेव्हापासून मी आठवत बसलेय, तू कुठला शब्द टाळायचीस. पण कधी उच्चारलाच नाही तो शब्द आठवायचा कसा? तू टाळलास तोही इतका बेमालूम की त्याची खूणही उरली नाही.

नात म्हणाली, "आजी, जस्ट पिक वन. कुणाला कळणार?" तिचंही खरं होतं. त्या काळातली दहा नावं मला येतात, एखादं शोभलंही असतं. सिनसिनाटीची बाई रोज मेसेज करून विचारत होती, सौम्यपणाने, पण विचारत होती. एका सकाळी मी एक नाव कागदावर लिहिलंही. मग फोटोतल्या बाईकडे बघितलं. आयुष्यभर लोकांनी तिला आपल्या सोयीच्या नावाने हाक मारली. आणखी एक सोयीचं नाव मी कशाला देऊ? कागद फाडला.

मग मी नातीला समोर बसवलं. म्हटलं, लेडीबाईचं कसं लिहिलंय, ही कुणाची कोण आणि हिच्यामागे कोण, तसंच लिहून घे. नाव माहीत नाही हेही लिही, आणि तो दोष त्यांचाही आणि आमचाही, हे लिही. हिचा एक मुलगा, छावणीच्या कोठारात कामाला. त्याचा मुलगा रेल्वेत, ते माझे बाबा. त्यांची बायको तू. तुझं नाव मी खणखणीत सांगितलं, आई, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. मग मी. मग ह्यांचं नाव. ते इथे डॉक्टरकडे, बँकेत घेऊन घेऊन जीभ सरावली आहे. नात भराभर टाइप करत होती. म्हणाली, त्यांच्या चार्टवर जावयांचे आईवडीलही आहेत, आपणही टाकू. आजोबांच्या आईचं नाव काय?

नातीला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. नाव मला पक्कं माहीत आहे. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण माझं बाळंतपण केलेली बाई, तिचं नाव मी विसरेन कशी? पण ते जिभेवर येऊन बसलं आणि तिथून हलेना. शेवटी मी म्हटलं, कागद दे, लिहून देते.

"आजी, सिरियसली?" ती म्हणाली. आणि हसली नाही, तेच जास्त लागलं.

मी लिहून दिलं. ती रविवारच्या मराठी शाळेत चार अक्षरं शिकली आहे. तिने ते एकेक अक्षर जोडत, मोठ्याने, दोनदा वाचलं. या घरात ते नाव पहिल्यांदाच कुणी उच्चारलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते सांगते. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण ती वाचत होती तेव्हा मी डोक्यावर पदर घेतला, आणि दाराकडे पाहिलं, सासूबाई ऐकत तर नाहीत ना म्हणून.