साखळीला दोन कुलपं

६ जानेवारी, जालना
कुलपाची लेव्हल पुन्हा नापास. पुण्याहून आमच्या गेमची टीम-लीड अनुजा फोनवर बरसली. "खेळणारा चुकला तर त्याला स्वतःचा राग यायला हवा. इथे तुझा येतो."
तिला म्हटलं, हे कोडं आमच्या धावडा गावच्या शेतातलं आहे. विहीर सामाईक. मोटारीच्या पेटीला साखळी. साखळीच्या एका टोकाला आमचं कुलूप, दुसऱ्याला चुलतभाऊ दत्तादादाचं, आणि ती दोन कुलपं एकमेकांत अडकवलेली. कुणीही आपलं उघडलं की साखळी सुटते.
"मग सांगू नकोस, दाखव."

८ जानेवारी
सूचनांच्या पाट्या सगळ्या काढल्या. उघडणं सोपं ठेवलं. खरी गोम पुन्हा बंद करण्यात.
चुकलं की दुसऱ्या कुलपाचा मालक, दुसरा बाहुला येतो, त्याच्या किल्लीनं पेटी उघडत नाही, मग तो पेटीला लाथा घालतो. नुसती गंमत म्हणून टाकलंय.

९ जानेवारी
दत्त्यानं बाबांचं डोकं फोडलं.
पेटी दगडानं फोडत होता. बाबांनी कॉलर धरली, तर तोच दगड कपाळात. जालन्याला आणलं तेव्हा धोतर रक्तानं कडक झालेलं. टाके घालताना एकच घोकत होते, "किल्ली होती की रे त्याच्या खिशात. मंग फोडली कशाला?"
मस्ती, दुसरं काय. हात शिवशिवतायत.

१० जाने.
धावड्याला जाऊन आलो. दत्त्या गोठ्यात. लोखंडी पाइप उचलला. डोक्यावर घालणार तेवढ्यात त्यानं हात आडवा केला. मनगट तुटल्याचा आवाज आला. "ऐक तरी, उघडत नव्हती ती पेटी!" खोटारडा. गुडघ्यावर आणखी एक घातला. शेवटी वहिनी मध्ये पडली, तिच्या पदरावर त्याचं रक्त.
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१२ जाने.
दोन्हीकडून पोलिसात तक्रारी.
लेव्हलमध्ये एक दगड ठेवला. पेटी फोडा, संपलं. अनुजानं लगेच काढायला लावला. "हातात दगड असला की डोकं कोण चालवेल? काय झालंय तुला?"


१५ जाने.
बाबा आमच्याकडेच. डोक्याला पट्टी, एक डोळा अजून बंद, बसून कंटाळलेत. लॅपटॉप दिला, लेव्हल लावून दिली.
पेटी बरोबर उघडली. बंद करताना साखळीची दोन्ही टोकं आपल्याच कुलपात ओवली. दुसरं कुलूप एका टोकाला नुसतंच लोंबत राहिलं. दुसरा बाहुला आला, किल्ली फिरवली, कुलूप उघडलं, साखळी हललीच नाही. लाथा सुरू.
बाबा चिडले. "गेमच खोटा हाय तुझा. किल्ली हाय नं त्याच्याकडं!"

"बाबा, त्या दिवशी शेतात पण असंच लावलं होतं का?"
"थंडीनं बोटं वळत न्हवती. जल्दी जल्दी लावलं असंच. का रे?"
काही नाही म्हटलं. त्यांनी 'मागे'चं बटण दाबलं, दुसऱ्या खेपेला बरोबर लावलं आणि एकटेच हसले.

१७ जाने.
अनुजा खूश. जो तो तिथेच चुकतो, कपाळावर हात मारतो, पुन्हा खेळतो. "सगळ्यात प्रामाणिक लेव्हल," म्हणाली.
दादाच्या मनगटात सळई घातलीय. तीन बोटं हलत नाहीत म्हणे.
उद्या जमादार जबाब घ्यायला येणार. बाबा पाठ करून बसलेत. "किल्ली असून फोडली, एवढंच सांगायचं. बिलकुल हलायचं न्हाई." त्यांना कसं सांगू? सांगितलं तर त्या टाक्यांचं काय, आणि माझ्या पाइपचं?
दादाला फोन लावला. वहिनीनं उचलला.
"आता काय तोडायचं राह्यलं भावजी?"
"दादाला दे. पेटी खरंच उघडत नव्हती, एवढं सांगायचंय." तिनं फोन ठेवला नाही.