तोफखान्यात गेलेला कान

९ जाने.
काल भाईजानला जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसावा केला. आज भाभींनी तबल्याच्या दुकानाची किल्ली हातात ठेवली. "तुम्ही बसणार असाल तर ठेवू. नाहीतर गिऱ्हाईक आहे." जागेला गिऱ्हाईक, तबल्यांना नव्हे.
अब्बा म्हणायचे, थोरल्याचा हात चांगला, पण कान धाकट्याचा. धाकटा मी. कान घेऊन तोफखान्यात गेलो.

११ जाने.
बिबवेवाडीहून बसने पेठेतल्या दुकानात. कोथरूडच्या क्लासवाल्या देशपांडेबाईंचा तबला दुरुस्तीला पडून होता. तोंडावर कातड्याची नवी पुडी चढवली, चामड्याची वादी ओढली, काळी एकच्या सुरात लावला. हात काही विसरले नाहीत. उगाच छाती फुगली.
खुंटीवर माझा जुना फौजी स्वेटर. दर थंडीत भाईजान तो घालून दुकानात बसायचे. मी चिडवायला सलाम ठोकायचो. तेही ताठ उभे राहून ठोकायचे.

१३ जाने.
बाईंनी कडेकडेने बोट मारून पाहिलं. "अहो सुभेदार, अर्धा तबला काळी एकमध्ये आहे. उरलेला सरहद्दीवर राहिला वाटतं." मी हसलो. मला तर सगळीकडे सारखाच वाजत होता. तबला ठेवून गेल्या.
बसमध्ये रडू आलं. या वयात.

१५ जाने.
कानाचे डॉ. म्हणाले, "काका, तोफा ना? वरचे सूर गेलेत. मशीन लावू, पण ते बोलणं ऐकायला."
गोळा डागताना सगळे कानात कापसाचे बोळे घालायचे. हुकूम चुकायला नको म्हणून मी काढून ठेवायचो. शाबासकी मिळायची त्याबद्दल.

१६ जाने.
किल्ली परत द्यायला गेलो. कारण सांगितलं. भाभी दुकानामागच्या घराच्या पडद्याआडून बाहेर आल्या, समोर बसल्या.
"हातोडी घ्या."
मी बाईंचा तबला ठोकत गेलो, त्या सांगत गेल्या. चढवा. अजून. बास. आता कडेचं पुढचं घर.
मी बघतच राहिलो. म्हणाल्या, "त्यांनाही मीच सांगायचे, आतून. त्यांना कुठे कान होता?"
मग म्हणाल्या, "त्यांना फौजेत जायचं होतं. भरतीला निघणार होते. तुम्ही आधी जाऊन नाव घालून आलात. मग अब्बांजवळ दुकानात कोण बसणार?"
जन्मभर कुणी बोललं नाही. भाईजानही नाही. आणि मी सलाम ठोकत होतो.

१८ जाने.
बाई तबला घेऊन गेल्या. वाजवून बघितला. "आता कसा बोलला!" मी मान डोलावली. काय बोलला, ते भाभींना ठाऊक.
कुलूप लावताना भाभींनी मागून विचारलं, "सोमवारी उघडायचं ना?"
हळूच विचारलं, पण नीट ऐकू आलं. ऐकू न आल्यासारखं केलं. किल्ली मात्र परत न देता खिशात घेऊन घरी आलोय.