ताईसाठी एक फळी

सोमवार, ४ मार्च
ताईचा फोन. घर विकलं म्हणाली. एकटीला फार मोठं पडत होतं. एकतीस तारखेला आमच्याकडे येतेय, कायमची. मीच बोलावलं होतं, गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षीही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ताई पंधराची. माझं दप्तर, डबा, शर्टाची बटणं, सगळं तिनंच पाहिलं. तेव्हा यावं की न यावं हा प्रश्नच नाही.

सामान किती, विचारलं. म्हणाली, एक बॅग. मला कपाटातली एक फळी दे रे, बास.

मी म्हटलं, फळी काय घेऊन बसलीस, तुला अख्खा विभाग देतो!

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, कुठला विभाग?

प्रश्न अभ्यासण्यासारखा आहे.

मंगळवार, ५ मार्च
परिस्थितीचा आढावा. खोल्या दोन, अधिक स्वयंपाकघर. कपाटं दोन. एक बायकोचं आणि लेकीचं मिळून. दार लावताना गुडघा लावावा लागतो. दुसरं माझं. ते भरलेलं आहे. म्हणजे शिल्लक शून्य. ज्यानं हे घर बांधलं त्याला कपाटांची ॲलर्जी असावी.

बायको म्हणाली, तुमचं कपाट एकदा उघडून बघू या का. सांगितलं, त्यात महत्त्वाच्या गोष्टी आहेत. ती म्हणाली, तुमचे शर्ट तर खुर्चीवर असतात. असणारच. कपाटात जागा नाही ना! हिला तर्क समजावणं अवघड.

संकल्प: सतरा वर्षं पार्सल ऑफिसात काढली आहेत. डोंगराएवढी खोकी एका ट्रकमध्ये बसवून दाखवणारा माणूस मी. एका फळीपुढे हात टेकायचे? घरात जागा कमी नसते, नजर कमी असते. (हे मलाच सुचलं. चांगलं आहे.)

शनिवार, ९ मार्च
चार दिवस व्हिडिओ पाहिले. सगळ्यांचं एकमत: पलंगाखालची जागा म्हणजे झोपलेला खजिना. आज सकाळी झाकणवाली सहा खोकी आणली. मापं घेण्यात वेळ घालवला नाही, आपली नजर तयार आहे.

दुपारी १२
खोकी दोन बोटं उंच निघाली. हल्ली खोकी धड बनवत नाहीत.

दुपारी ४
उपाय सापडला. खोकी लहान होत नसतील तर पलंग मोठा करावा. चारी पायांखाली दोन-दोन विटा. खोकी आत, चपखल! बायकोला आता पलंगावर चढायला स्टूल लागतं. स्टूल पलंगाशेजारी ठेवलं तर खोकी बाहेर काढता येत नाहीत. किरकोळ बाब.

मंगळवार, १२ मार्च
न्हाणीघराच्या दारामागे चोवीस खिशांचं कापड लटकवलं. त्यात बूट, ब्रश, बॅटऱ्या, कात्र्या, लेकीच्या रिबिनी. मात्र खिसे भरल्यापासून दार पूर्ण उघडत नाही. आडवं होऊन शिरावं लागतं. बायको शिरते, लेक शिरते. मी शिरलो, पण माझ्यासोबत दोन खिसेही आत आले.

लेक म्हणाली, बाबा, दार बरोबर आहे.

बारा वर्षांची आहे. या वयात मुलं अशीच बोलतात.

गुरुवार, १४ मार्च
आजची दृष्टी: ओव्हन. आम्ही तो वर्षातून दोनदा वापरतो. हवाबंद, कोरडा, तीन फळ्या, काचेचं दार, शिवाय आत दिवा! कपाटाची याहून चांगली व्याख्या मला दाखवा. सगळ्यांचे स्वेटर घडी करून ठेवले. तळाशी लेकीची लोकरी टोपी. दार लावलं, दिवा लावून पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

बायकोला सरप्राइज म्हणून सांगितलं नाही.

शनिवार, १६ मार्च
लेकीच्या मैत्रिणीचा वाढदिवस. बायकोनं केक करायला घेतला आणि आधी ओव्हन तापत ठेवला. सविस्तर लिहीत नाही. खिडक्या उघड्या आहेत. टोपी आता बाहुलीला येईल, पण घरात बाहुली नाही.

बायकोला विचारलं, ओव्हन लावायच्या आधी उघडून बघायची पद्धत नाही का? तिनं नुसतं पाहिलं. तेवीस वर्षांच्या संसारात त्या नजरेला मी ओळखतो. फिरायला गेलो.

रविवार, १७ मार्च
दोष कल्पनेत नव्हता, नोंदीत होता. आमच्या ऑफिसात प्रत्येक पार्सलला क्रमांक असतो म्हणून सगळं सुरळीत चालतं. (मागच्या महिन्यातली ती एक भानगड सोडून.) आजपासून घरात रजिस्टर! प-पू-३ म्हणजे पलंग, पूर्व बाजू, तिसरं खोकं. सो-उ-१ म्हणजे सोफ्याची उशी, पहिली. रिकाम्या अभ्र्यात कागदपत्रं उत्तम बसतात, टेकायलाही बरी. एकूण एकशे बारा नोंदी. हात दुखला, पण घर शास्त्रावर आलं.

रजिस्टर स्वतः कुठे ठेवायचं हाही विचार केला. सुरक्षित जागी ठेवलं आणि त्या जागेची नोंदही केली. रजिस्टरमध्ये.

बुधवार, २० मार्च
लेकीच्या शाळेला तिचा जन्मदाखला आजच हवा होता. मी शांतपणे म्हणालो, रजिस्टर बघू.

दुपारी ३
रजिस्टर सापडत नाही.

संध्याकाळी ६
दाखला सापडला. पाच उशा उसवल्यावर सहावीत. लेक रडली, बायको रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, ताईंना यायला अकरा दिवस राहिलेत. त्यांची फळी कुठाय ते दाखवा.

मी म्हणालो, विचार चालू आहे.

ती म्हणाली, त्या आईच्या जागी आहेत तुमच्या.

हे मला सांगावं लागत नाही. एवढी धडपड चाललीय कुणासाठी?

रविवार, २४ मार्च
सुचलं. आजवर मी जमिनीवर विचार करत होतो. जमीन संपली, पण हवा रिकामी आहे! हॉलमध्ये सोफ्याच्या वर, छतापासून दोरांनी टांगलेली फळी. कप्पी लावायची. दोर सोडला की फळी खाली, ओढला की वर. ताई सोफ्यावरच झोपणार, तेव्हा तिचे कपडे थेट तिच्या डोक्यावर. याहून सोयीचं काय असतं?

हार्डवेअरवाल्यानं विचारलं, वर काय ठेवणार? म्हटलं, बहिणीचं सामान. आणि खाली? म्हटलं, बहीण. त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि आपणहून दोन हुक जास्त दिले. जाणकार माणूस दिसला.

मंगळवार, २६ मार्च
चाचणी. ताईच्या बॅगेएवढं वजन हवं म्हणून शब्दकोशाचे तीन खंड आणि बायकोचा पाटा-वरवंटा ठेवला. दोर ओढला. फळी दिमाखात वर गेली. सगळ्यांना हाक मारली. लेकीनं टाळ्या वाजवल्या. बायको दारातच उभी राहिली, आत आली नाही.

मग आवाज झाला.

फळी खाली आलीच. सोबत छताचा ताटाएवढा तुकडा आला. पाटा सोफ्याच्या पोटात गेला. वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत खाली आले. त्यांना वाटलं, भूकंप झाला. बायकोनं त्यांना चहा दिला. आजोबांनी छताकडे बघितलं, सोफ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, कपाट का नाही घेत?

कुठे ठेवू, म्हटलं. जागा आहे का?

शुक्रवार, २९ मार्च
ताई आली. दोन दिवस आधी! घर घेणाऱ्यांना किल्ली लवकर हवी होती म्हणे. दारात उभी, हातात एक बॅग. खरोखर एकच. तिच्या त्या मोठ्या घरातलं सामान कुठाय, विचारलं. म्हणाली, ज्याला जे लागत होतं त्याला दिलं. शिलाई मशीन शेजारणीच्या सुनेला, पुस्तकं वाचनालयाला.

तिला घर दाखवलं. छताकडे बोट दाखवून सांगितलं की हे तात्पुरतं आहे. पलंगाची उंची बघून तिनं काही विचारलं नाही. बॅग कुठे ठेवू, एवढं विचारलं. मी म्हटलं, सध्या सोफ्याच्या पायथ्याशी ठेव, एक योजना अंतिम टप्प्यात आहे. तिनं ठेवली. मग बॅगेवर पाय पडू नये म्हणून दिवसभर सोफ्यावर पाय दुमडून बसली.

संध्याकाळी हातपाय धुऊन टॉवेल शोधत होती. मी न्हाणीघराच्या दारातून सुटत होतो, त्यामुळे पटकन जाता आलं नाही. बाहेर आलो तर ती माझ्या कपाटासमोर उभी. दार उघडं. तिनं ते लावून घेतलं. रुमालानं हात पुसले.

शनिवार, ३० मार्च, सकाळी ९
हे जसं झालं तसं लिहून ठेवतो.

चहा पिताना ताई म्हणाली, "बागेच्या रस्त्यावर ते बायकांचं वसतिगृह आहे ना, तिथे फोन केला. एक खोली रिकामी आहे. उद्या जाऊन बघते."

मी म्हटलं, "वसतिगृह? कुणासाठी?"

"माझ्यासाठी. जवळच आहे. रोज येईन की."

"तुला इथे कुणी काही बोललं का?"

"छे रे. तुझी बायको सोन्यासारखी आहे. पण घरात जागा नाही ते दिसतंय ना मला. उगाच सगळ्यांची ओढाताण."

मी म्हटलं, जागा आहे, फक्त ती शोधायची आहे. महिनाभर मी दुसरं काहीच केलेलं नाही. विटा आणल्या, खिसे लावले, छत पाडलं. सगळं तुझ्यासाठी.

तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, "तुझ्या कपाटात वरच्या फळीवर इस्त्रीचं खोकं आहे. रिकामं."

"हो. वॉरंटी असते. खोकं टाकून चालत नाही."

"इस्त्री कुठाय?"

बायको म्हणाली, "ती जळली. चार वर्षं झाली."

"बरं," ताई म्हणाली. "मी आपलं विचारलं."

ती चिडली नव्हती, हे वाईट. उठली, कप विसळला, आणि पालथा कुठे घालावा हे न कळून तसाच हातात धरून उभी राहिली. शेवटी लेकीनं तो तिच्या हातातून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. आईची नजर हुबेहूब उचलली आहे पोरीनं.

दुपारी २
ऑफिसला सुट्टी. कपाटाचं दार उघडून बसलो आहे. नुसती पाहणी. रिकामी खोकी अकरा. बिस्किटांचे डबे सात, पैकी पाचात स्क्रू, दोनात बहुधा स्क्रूच. वायरींचं एक भेंडोळं, कशाचं ते आता आठवत नाही. बंद पडलेले रेडिओ दोन. बरण्या नसलेली झाकणं. शर्ट एकही नाही.

आमच्या लहानपणी घरात दोन भावंडांत एकच ट्रंक होती. ताईचे फ्रॉक वर, आणि खाली अर्ध्या भागात माझ्या काड्यापेट्यांचे छाप, चिकटवलेले, वाळत घातलेले. तिचे फ्रॉक कायम चुरगळलेले असायचे. शाळेत तिला बाई बोलायच्या. पण ते छाप हलव, असं ती मला कधी म्हणाली नाही.

आज हे का आठवलं कळत नाही. छत पडल्यापासून घरात धूळ फार झालीय, डोळे चुरचुरतात.

रविवार, ३१ मार्च, सकाळी ११
सात वाजता सुरुवात केली. कुणालाही उठवलं नव्हतं, पण तिसरं खोकं काढताना बायको मोठी पिशवी घेऊन आली आणि तिचं तोंड उघडं धरून उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. माणसानं काहीतरी बोलावं. "मी सांगत होते" एवढं तरी! मी एक डबा बाजूला ठेवायला लागलो, तिनं पिशवी जरा पुढे केली. टाकला.

लेकीनं फळ्या पुसल्या. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. फक्त चाळीस. घड्याळ दोनदा बघितलं.

मग ताईला बोलावलं. वसतिगृहाकडे जायला म्हणून ती पायांत चपला घालत होती. मी म्हटलं, ताई, जरा आत ये, मला तुझं मत हवंय. ती आली. चार फळ्या, स्वच्छ, मोकळ्या. एकेका फळीवरून तिनं हात फिरवला. मग माझ्या डोक्यावर टपली मारली. माझं वय सेहेचाळीस आहे, लेकीसमोर हे बरं दिसलं नाही. पण असो.

चपला काढल्या. बॅग उघडली. तिच्या सगळ्या सामानाला पाऊण फळी लागली. बाकीच्या फळ्यांवर तिनं खुर्चीवरचे माझे शर्ट घड्या करून ठेवले, तरी एक फळी उरली. मग तिनं वसतिगृहाला फोन करून सांगितलं की येत नाही, भावाकडे जागा आहे.

दुपारी आजोबा चौकशीला आले. त्यांना कपाट दाखवलं. म्हटलं, बघा, कपाटात कपडे ठेवायचे. कल्पना तशी साधीच आहे, पण सुचावी लागते.

आजोबा बायकोकडे बघून का हसले, कळलं नाही.