आपटायचं राहिलेलं पातेलं

आई,

तू वारल्यापासून या घरात कुणी भांडी आपटलेली नाहीत. तुझ्या तळपायाची आग मस्तकात गेली की आधी पातेल्यांना कळायचं, मग आम्हाला. पण कळायचं तरी.

मी दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. समोरचा शिव्या घालू लागला, की आवाज खाली आणायचा, त्याचंच म्हणणं त्याला परत ऐकवायचं आणि म्हणायचं, "मी समजू शकते." साहेब इतरांना माझे कॉल ऐकवतात.

आज तुझी नात शाळेतून हुंदके देत आली. जिवाभावाच्या मैत्रिणीने अख्ख्या वर्गासमोर तिच्याशी कट्टी केली होती. मी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तुला एकटं वाटतंय. मी समजू शकते."

तिचं रडणं एकदम थांबलं. म्हणाली, "आई, मला माणसाशी बोलायचंय."

आत जाऊन तिने कडी लावली. मला रडू काही येईना. शेवटी तुझं पातेलं उचललं, चांगलं दणकून आपटावं म्हणून. हात वर गेला, आणि मी ते अलगद जागेवर ठेवलं.

आत तिला वाटलं असेल, बाहेर कुणीच नाही.

तू जिला तोफ म्हणायचीस,
ती