सम्राटच्या वायरमन परवान्याची साक्ष

मी, हंबीरराव दादू चौगुले, वय पंच्याहत्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार मुरगूड, हल्ली मुक्काम मंगळवार पेठ, कोल्हापूर, माझी पत्नी सौ. बाळाबाई हिस खरे तेच लिहितो. कचेरीत रोज असेच सांगून तीच सवय जडली आहे.

माझी प्रकृती ठीक आहे. पाय सुजतात, ते जिन्यांमुळे.

आपल्या पोराने, सम्राटने, शिक्षा भोगली, परीक्षाही दिली. तरी वायरमनचा परवाना देण्यास साहेब कचरतात. गावातील कोणी त्याच्या वर्तणुकीची हमी द्यावी, असे त्यांचे म्हणणे. भावकीतले कोणी आले नाही. आज बसवराज आले. शेताच्या पाण्याच्या पाळीवरून सम्राटने ज्यांचा हात मोडला, तेच.

ते म्हणाले, "व्हय साहेब, हात ह्यानंच मोडला. पर माझ्या घरातली लाईट बी ह्यानंच जोडली की! अजून फ्यूज उडाला न्हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "परवाना नसताना जोडली?"

मी मागून गप्प राहण्याची खूण केली. बसवराज मात्र गरजले, "मग द्या की आता परवाना!"

साहेब हसले नाहीत. सोमवारी या, म्हणाले.

तू काळजी करू नये. म्हैस व्याली का? व्याली असल्यास पहिला चीक बसवराजांच्या घरी धाडावा. दोन्ही घरांचे देणेघेणे बंद आहे, हे मी जाणतो. तरी धाडावा.

तुझा,
हंबीरराव

लिहितेवेळी समक्ष हजर: सम्राट, ताटावर न बसलेला, आणि गाडी चुकल्याने मुक्कामी राहिलेले बसवराज, "जेव की मर्दा" म्हणून त्यास दटावणारे.