आईच्या बाजूची सीट

मंगळवार, ६ जानेवारी

सीट खाली आहे म्हणे! पोलादपूर सुटेपर्यंत आई गप्प होती, मग एकदम — "सया, ही खुर्ची लय खाली हाय रे. हिरीत बसल्यागत वाटतं."

गाडी घेतली तिच्यासाठीच. छोटी, जुनी, पण इंजिन ठणठणीत. मंगळवार-शुक्रवार सकाळी वाडीवरून खाली उतरायचं, महाडला जायचं, चार तास डायलिसिस, मग तिला घरी सोडून मी तीनच्या शिफ्टला. एसटीत तिला झेपेना म्हणून गाडी. आणि दोन महिने आई गाडीबद्दल चकार शब्द बोलली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, "एकही वार चुकवायचा नाही. चुकला की अंगात पाणी साठणार, मग छातीत." पुढचं त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

तर सीट. कंपनीत आमच्या मेंटेनन्सला तक्रार आली की चिठ्ठी फाडतात, काम झालं की सही, चिठ्ठी बंद. वीस वर्षं हेच केलंय. एक सीट उचलता येणार नाही मला?

गुरुवार, ८ जानेवारी

उचलली. सीटखाली लोखंडी पट्ट्या घातल्या, लांब बोल्ट लावले. कंपनीतल्या प्रवीणकडे हीच गाडी आहे, त्याने डबा खाता खाता कागदावर काढून दिलं. त्याने स्वतःच्या गाडीत काय काय केलंय — आर्मरेस्ट, मागे पडदे, हॉर्न तर ट्रकचा! म्हणतो, "कंपनीवाले गाडी अर्धीच बनवतात, बाकीची आपण बनवायची." खरं आहे.

बायकोचं म्हणणं वेगळं. मीना म्हणाली, "आईंना एकदा इचारून तरी बघा." आता काय विचारायचं? तिनेच तर सांगितलं!

शुक्रवार, ९ जानेवारी

पाय लोंबकळतात. "पोरीगत बसलेय पाळण्यात." जाताना, येताना, तेच.

सोमवार, १२ जानेवारी

पायाखाली पाट ठेवला. आई गाडीत बसायलाच तयार नाही. "बसायच्या पाटाव पाय ठिवू? जेवायला बसतो ना रे त्याव?" हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाट घरात नेला, धुतला, आईच्या समोर भिंतीला लावून ठेवला. मग प्लायची पेटी ठोकली, वर काथ्याचं पायपुसणं.

आता पेटीमुळे गुडघे पुढच्या खणाला लागतात. सीट मागे सरकवली. मागे सरकवली तर पट्टा मानेवर येतो. एक धरायला जावं तर दुसरं सुटतं!

मंगळवार, १३ जानेवारी

आज पट्टा. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांची जागा केलीय तिथे घासतो. ही तक्रार खरीच आहे, तो हात जपायलाच हवा. मीनाने जुन्या लुगड्याची मऊ गुंडाळी शिवली, पट्ट्यावर चढवली.

आणि एक पाहिलं. माझी पाण्याची बाटली दोन सीटच्या मध्ये असते. आई सबंध घाट तिच्याकडे बघत होती. तिला दिवसाला एकच तांब्या पाणी, चहा धरून.  बाटली मागे डिकीत टाकली. मध्ये ती ठेवायची जागा होती तीच पकडीने काढून टाकली. आता तहान लागली की मीही तसाच.

ही एकच दुरुस्ती तिने मागितली नव्हती.

शुक्रवार, १६ जानेवारी

वास! सुगंधाची बाटली लटकत होती ती फेकली. "तरी पन येतोय." चादरी धुतल्या, कार्पेट उन्हात टाकलं. "आता साबनाचा येतो."

चिडलो मी. म्हटलं, "आई, गोठ्यातल्या शेणाचा वास कधी आला नाही तुला!"  बाहेर बघत बसली ती महाड येईपर्यंत. बोलायला नको होतं.

आमची म्हैस चांदी विकून आता तीन आठवडे झाले. मीच विकली, वरंधच्या रावजींना. आईला म्हणालो, आता तुला चांदीचं काही बघायला नको, वेळेवर निघता येईल. रावजी म्हैस न्यायला आले त्या दिवशी आई महाडलाच होती. घरी आली तेव्हा दावं तेवढं राहिलं होतं. मी तरी काय करू? वैरण कोण आणणार, धार कोण काढणार? मीना किती करेल? बरोबरच केलं मी.

रविवार, १८ जानेवारी

सकाळी उठलो तर आई रिकामा गोठा झाडत होती. म्हटलं कशाला? "सवय हाय."

मंगळवार, २० जानेवारी

बाजूच्या आरशात तिला स्वतःचं तोंड दिसतं म्हणे. "सुजलंय नुसतं. नको ते दावूस." आरसा बाहेर वळवला. मागचे ट्रक दिसत नाहीत आता. परत येताना एका टँकरने असा हॉर्न मारला की दोघं दचकलो. चालवतोय असाच.

मीना म्हणाली, "अहो, ते गाडीचं नाय."

"मग कशाचं?"

"मला काय इचारता? त्यांना इचारा."

घरात दोन बायका, दोघीही कोड्यात बोलतात!

शुक्रवार, २३ जानेवारी

गेलो नाही. आई उठलीच नाही. म्हणाली काच नीट बंद होत नाही, वारा कानात जातो, कान ठणकतोय. काच मी कालच नीट केली होती. पुन्हा उघडून दाखवली, बंद करून दाखवली. चार वेळा.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या ओरडल्या. ओरडू दे.

शनिवार, २४ जानेवारी

पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. आडवं होता येत नाही, उशीला टेकून बसून आहे. दुपारी दवाखान्यातून फोन आला, एक मशीन रिकामं आहे, आणा. मी आणि शेजारच्या चंदूने उचलून गाडीत बसवली. त्या वेळी मात्र सीट, पट्टा, काच, कशाचंच काही नव्हतं. डोळे मिटून होती.

घाट उतरताना मी मोठमोठ्याने बोलत होतो. काय बोलत होतो देव जाणे. भीती वाटली. फार भीती वाटली.

मंगळवार, २७ जानेवारी

गेलो. आज मानेमागे काही नाही म्हणून मान अवघडते. प्रवीणकडून उशी आणतो. मला आता रागही येत नाही. ती सांगते, मी करतो.

शुक्रवार, ३० जानेवारी

उशी लावली. "गरम व्हतं."

शनिवार, ३१ जानेवारी

आईने आपणहून विचारलं! "सया, उद्या तुला सुट्टी हाय ना? गाडीतनं वरंधला जाऊया? चांदीला बघून येऊ."

जाऊ की! नाहीतरी गाडीची सगळी कामं झाल्यावर एक लांबची ट्रायल व्हायलाच हवी.

रविवार, १ फेब्रुवारी

काय दिवस गेला!

सकाळी तयार होऊन आईच आधी गाडीजवळ उभी. दार तिनेच उघडलं. हायवेला फाटा येईपर्यंत पदर मुठीत धरून होती. "हिकडंच वळायचं ना? सरळ नाय ना?" सरळ महाड. मी उजवीकडे वळलो तेव्हा पदर सोडला. पुढे माझ्या कंपनीवरूनच रस्ता. "ही तुझी काय रे?" वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी गाडी हळू केली, दाखवली.

रस्ता खराब होता. खड्डे, धूळ, पुढे वळणं. ती मात्र काच खाली करून बाहेर बघत होती. कुणाच्या बांधावर गवत चांगलं आहे ते सांगत होती.

रावजींच्या गोठ्यात चांदी अगदी आत बांधलेली. आईने दारातून नुसती हाक मारली तर मान वळली तिची! आई तिच्या कानामागे खाजवत बसली, कितीतरी वेळ. हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मला ऐकू आलं नाही. मी बाहेर गाडीखाली वाकून बघत होतो, येताना एक बोल्ट वाजल्यासारखा वाटला होता.

रावजींच्या घरी पूर्ण कप चहा प्यायली. मी अडवलं नाही.

जाता-येता तीन तास. आणि एक तक्रार नाही! सीट नाही, पट्टा नाही, वास नाही, मान नाही. उतरताना दारावर हात ठेवून म्हणाली, "चांगली केलीस हां गाडी." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मीनाला म्हटलं, बघ! जमली गाडी. चिठ्ठी बंद!

मीना आत निघून गेली.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सहाला गाडी दारात लावली. आई ओट्यावर बसलेली. उठली नाही.

"गाडी चांगली हाय रे सया. पयल्यापासनं चांगलीच व्हती. मलाच नाय जायाचं आता."

माझ्या हातात पाना होता. ती काही म्हणेल म्हणून तयारच ठेवला होता.