गिटारच्या पोटात हात

प्रिय बाळ,

फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस. भरल्या मैदानांनी मला बोलू दिलं, पोटचा पोरगा मात्र देत नाही. म्हणून हे कागदावर, इथे तुला मधेच तोडता येणार नाही. "ऐकू न येणाऱ्या पोरीला गिटार? बाबांना सांग, तिची थट्टा करू नका," एवढं म्हणून तू फोन ठेवलास. रविवारी चिमणीला न्यायला येशील तेव्हा गिटार इथेच राहील, हा तुझा हुकूम. हुकूम मी जन्मात कुणाचे मानले नाहीत, हे तुला ठाऊक आहे. पण भांडण नंतर करू. आधी काय घडलं ते वाच.

तुम्ही दोघं घर बदलायच्या गडबडीत होतात म्हणून चिमणी सुट्टीभर आमच्याकडे आली, तेव्हा मागच्या खोलीत तुझ्या बाबांची गिटार अर्धी झाली होती. कारखान्यात हयातभर लाकडाचे साचे केलेला माणूस, पण या गिटारने त्यांच्या नाकी नऊ आणले. कडेची पातळ फळी गरम नळीवर वाकवताना कमरेपाशी तडकली. मला वाटलं, संपलं. त्यांनी तडकलेल्या जागी आतून लाकडाची चकती सरसाने बसवली आणि म्हणाले, "या वयात माझी कंबर धरते, तिची धरली तर काय बिघडलं?" मग मान बसवायची खाच सैल निघाली, तर रंध्यातून निघालेलं सालपट तिच्यात भरून ती घट्ट केली. मी आयुष्यभर चुका शोधल्या आणि त्यांचा चव्हाट्यावर पंचनामा केला. चूक सापडली की माझं काम संपायचं. या माणसाचं तिथून सुरू होतं, तेही कपाळाला आठी न घालता. संसाराची इतकी वर्षं मी हे कधी उभं राहून पाहिलंच नव्हतं. आता पाहू लागले आणि हातातला चहा गार होऊ लागला.

मागची फळी चिकटवण्याआधी चिमणीने पेन्सिल घेऊन आतल्या बाजूला एक चिमणी काढली. गिटार कुणाची, हा निकाल तिथेच लागला. आम्ही कुणी दिली नाही रे, तिने घेतली.

तारा चढल्या. पहिल्यांदा छेडल्या आणि आतून भणभण! काचेवर माशी आपटावी तशी. तुझ्या बाबांनी खुंट्या तपासल्या, बोटांखालचे पडदे तपासले, तारा ज्यावर टेकतात ती घोडी तपासली. मीही कान लावला. आवाज सगळीकडून येतोय असं वाटायचं आणि नेमका कुठूनच नाही. वरच्या फळीला आतून आधाराच्या पट्ट्या असतात, त्यातली एखादी सुटली असणार, एवढं त्यांनी ओळखलं. पण कुठली? मागची फळी उघडायची, तर ती डागडुजी केलेली कंबर पुन्हा फाटणार आणि गिटार कायमची जाणार. "पट्टी लावत होतो तेव्हा तू शेजारच्या खोलीत भाषणाची तालीम करत होतीस. ऐकत बसलो आणि सरस गार झाला," हा आरोपही माझ्यावर झाला. मी तो साफ फेटाळला. तरी मनातून थोडी सुखावले.

तरी शेवटी मागची फळी सोडवायला ते सुरी गरम करायला उठले, तेव्हा चिमणीने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. वाजवा, अशी खूण केली. तळहात फळीवर ठेवला, सरकवत नेला आणि घोडीच्या खाली, डाव्या अंगाला, मुंगी चावल्यासारखा झटकन उचलला. पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा तिथेच. तिने पेन्सिलीने फुली मारली. गोल भोकातून छोटा आरसा घालून पाहिलं, तर बरोबर त्या फुलीखाली पट्टीचं टोक कागदाच्या जाडीइतकं सुटलेलं. आणि आम्ही दोघं धडधाकट कानांची म्हातारी खुंट्या तपासत बसलो होतो.

तुझ्या बाबांचा पंजा त्या भोकातून जाईना, म्हणून माझा गेला. ज्या हाताने मी सभेत हवा कापत आले, तो गिटारच्या पोटात, बोटांवर गरम सरस. वरून सूचना चालू, "डावीकडे, अगं डावीकडे! एरवी तर बरी जातेस डावीकडे!" मी खाली लाकडाचा टेकू दिला आणि हात बाहेर काढला. सकाळी टेकू काढून तारा पुन्हा ताणल्या. भणभण गेली. बाळ, मी मोठमोठे विजय पाहिलेत, पण असं अंग शहारलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. चिमणी गिटारला मिठी मारून, गाल लाकडाला टेकवून बसली होती. मी सहज भोकाशी वाकले आणि तिला हाक मारली. तिने दचकून मान वर केली. बोटं माझ्या गळ्यावर ठेवली, मग लाकडावर, मग पुन्हा गळ्यावर. आणि खूण केली: आणखी. मैदानं गाजवणारी मी, तिचं नावच पुन्हा पुन्हा घेत राहिले. बऱ्याच वेळाने तिने हनुवटीवर हात फिरवून दाढी दाखवली, ही तुझी खूण, आणि भोकाकडे बोट केलं. ती तान्ही होती तेव्हा मांडीवर घेऊन तू तिच्यासाठी गायचास. डॉक्टरांनी सांगितलं त्या संध्याकाळपासून तुझं गाणं आम्ही कुणी ऐकलेलं नाही. मी कशावरही गप्प न बसणारी बाई, त्यावर मात्र कधी बोलले नाही. रविवारी ये. कुणाशी काही न बोलता आधी मागच्या खोलीत जा. तिचा हात लाकडावर असेल. भोकाशी तोंड ने आणि गा, सूर लागला नाही तरी चालेल. गिटार न्यायची की ठेवायची, ते नंतर तिलाच विचार.

तुझीच,
या वेळी तुझं ऐकायला बसलेली,
आई